वीणा खाली ठेवायची नाही

गुरुवारी सकाळी जयू काकडआरतीला भवनात गेली आणि चहा गाळून व्हायच्या आत परत आली. तिने निरांजनाचं ताट ओट्यावर ठेवलं, पदराने घाम पुसला आणि नवऱ्याला म्हणाली, "भवनाच्या दाराला दोन ताले लागलेत. एक दत्तूकाकांचा, एक दिलीपभाऊंचा. आता रविवारी मुक्ताचा साखरपुडा काय सडकेवर करायचा?"

"हो," यज्ञेश्वरराव म्हणाले.

यज्ञेश्वर पुंतांबेकर हे असे होते. बँकेतली सगळी नोकरी झाली, पण त्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द कोणी ऐकला नव्हता. वर्गणी मागणाऱ्याला हो, विमेवाल्याला हो, शेजारी गावाला जाताना कुत्रा सांभाळाल का म्हणाले, तर त्यालाही हो. या स्वभावामुळे उज्जैनच्या सगळ्या फ्रीगंज वस्तीत त्यांना शत्रू म्हणून नव्हता आणि घरात जयूच्या डोक्याला शांती म्हणून नव्हती. आत्ताही ते पेपर वाचता वाचता हो म्हणाले होते. सडकेवरच्या साखरपुड्याला आपण मान्यता दिली, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा जयू चहाचा कप त्यांच्यापुढून उचलून घेऊन गेली होती.

टावर चौकाच्या मागच्या गल्लीतलं निरंजन भवन म्हणजे शेवंतगावच्या निरंजननाथ महाराजांच्या संप्रदायाची उज्जैनची शाखा. महाराजांच्या पादुका, दर गुरुवारी काकडआरती आणि नंतर पोह्यांचा प्रसाद. उज्जैनला पोहे म्हणजे वर सेव, जीरावन मसाला आणि मूठभर कच्चा कांदा आलाच. वर्षानुवर्षं हा प्रसाद महाराजांना चालत होता, निदान महाराजांनी कधी तक्रार केली नव्हती. मग दिवाळीनंतर शेवंतगावच्या संस्थानचे एक विश्वस्त शाखांच्या पाहणीला आले, आणि प्रसादाच्या पहिल्याच घासाला त्यांच्या दाताखाली कांदा आला. ते काही न बोलता हात धुऊन गेले. पुढच्या आठवड्यात संस्थानचा हुकूम आला की यापुढे सर्व शाखांत प्रसाद फक्त फुटाणे आणि खडीसाखर.

झालं. मंडळाचे सचिव दिलीप हे रेल्वेतले. त्यांचे वडील भुसावळहून बदलीवर आले आणि पोहे खाऊन इथेच राहिले. दिलीप भर सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "महाराजांवर श्रद्धा हंड्रेड परसेंट. पण कांदा काढून घेतला तर मग उज्जैनात राहून आपण करून काय राहिलोय, भिया?" त्यांनी तिथल्या तिथे शाखा संस्थानातून बाहेर पडल्याचं जाहीर केलं आणि 'स्वतंत्र निरंजन मंडळ' असं नाव सांगून स्वतः त्याचे अध्यक्षही होऊन टाकलं. ते नाव त्यांनी बहुधा आदल्या दिवशीच ठरवून आणलं असावं, कारण सभा संपायच्या आत त्याचं बॅनर आलं.

अध्यक्ष दत्तात्रय सरमंडल ऊर्फ दत्तूकाका हे उज्जैनच्या जुन्या घराण्यातले. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात होते आणि दत्तूकाका त्या दफ्तराबद्दल असे बोलत, जणू कालच राजीनामा देऊन आलेत. त्यांनी सांगितलं की ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जावं, भवन मात्र संस्थानचं राहील. अर्धी घरं इकडे झाली, अर्धी तिकडे.

आता भवन कोणाचं, हा प्रश्न आला. जागा संस्थानच्या नावावर होती आणि बांधकाम इथल्या लोकांनी वर्गणी काढून केलेलं. दिलीप म्हणाले, जमीन तुमची असेल, भिंती आमच्या आहेत. दत्तूकाका म्हणाले, मग आपल्या भिंती उचला आणि निघा. दोघंही हे अगदी गंभीरपणे बोलले. एक मिस्त्री येऊन भिंती मोजूनही गेला.

त्याहून अवघड वाटणी सामानाची झाली. आपल्याकडे देवळाला दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय ती वस्तू देवाला पोचत नाही. त्यामुळे भवनातला प्रत्येक पंखा, सतरंजी, घड्याळ आणि पातेलं कोणा ना कोणाच्या स्मरणार्थ होतं, आणि ती स्मरणातली माणसं आज असती तर कोणत्या बाजूला गेली असती, यावर वाद सुरू झाला. कैलासवासी गोदूताईंच्या नावाचा पंखा घ्या. गोदूताई कांदा खात, पण चातुर्मासात खात नसत. तेव्हा पंखा चार महिने संस्थानकडे आणि आठ महिने स्वतंत्र मंडळाकडे ठेवावा, असाही एक तोडगा निघाला. पेटीतबला ठेवायचं लोखंडी कपाट दोन भावांनी मिळून दिलेलं, त्यांची मुलं दोन पक्षांत. म्हणून कपाटाचं डावं दार एका पक्षाने बंद केलं, उजवं दुसऱ्याने, आणि पेटीतबला आतच राहिला. बुधवारी संध्याकाळी गोष्ट भवनाच्या दारापर्यंत आली आणि गुरुवारी जयूला दोन ताले दिसले.

यज्ञेश्वररावांची खरी अडचण ताल्यांची नव्हती. त्यांच्या मुलीचं, मुक्ताचं, लग्न इंदूरच्या आल्हाद बिडवईशी ठरलं होतं. दोघं एकाच कंपनीत कामाला. मुक्ताने दोन वर्षं घरी काही न बोलता वाट पाहिली आणि मग एके दिवशी पोळ्या लाटता लाटता आईला सांगून टाकलं. बिडवई मंडळी सज्जन. मुलाचे वडील श्रीरंगराव बोलण्यांच्या दिवशी म्हणाले होते की आम्हाला देणंघेणं काही नको, फक्त भांडणतंट्यातली माणसं नकोत. त्यांच्या थोरल्या सुनेच्या माहेरी दोन भावांची कोर्टबाजी चालली होती आणि दर सणाला त्या घरचं रडगाणं फराळाबरोबर यायचं. त्यावर जयूने अभिमानाने सांगितलं होतं की आमच्या उज्जैनला तसलं काही नाही हो, आमचं मंडळ म्हणजे एक कुटुंब. साखरपुडा आम्ही मंडळाच्या भवनातच करू, बघालच तुम्ही. आता त्या कुटुंबाने दाराला दोन ताले लावले होते आणि लग्नसराईत गावातला दुसरा एकही हॉल रिकामा नव्हता.

"जा," जयू म्हणाली, "दोघांना भेटा. आणि मुकाट हो हो म्हणून परत येऊ नका."

"हो," यज्ञेश्वरराव म्हणाले आणि निघाले.

दत्तूकाकांनी त्यांना बसवलं, पन्हं दिलं आणि सांगितलं की यज्ञेश्वर, मुक्ता मला नातीसारखी, साखरपुडा भवनातच होणार. फक्त दारावर संस्थानचं बॅनर लागेल आणि पाहुण्यांच्या पोह्यांत कांदा नसेल. यज्ञेश्वरराव हो म्हणाले. दिलीपभाऊंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की मुक्ता आपली मुलगी आहे, भाऊ, टेन्शनच घेऊ नका. फक्त बॅनर स्वतंत्र मंडळाचं राहील आणि पोह्यांवर कांदा पाहिजेच, नाहीतर इंदूरवाल्यांसमोर आपलं नाक कापलं जाईल. यज्ञेश्वरराव हो म्हणाले.

आता ताले कसे निघणार? पहिला कोण काढणार? जो आधी काढेल तो हरला, असं दोघांच्याही वकिलांनी सांगून ठेवलं होतं. इथे यज्ञेश्वररावांना आयुष्यातली पहिली युक्ती सुचली. दत्तूकाकांकडून निघता निघता, चपला घालताना, ते सहज म्हणाले होते की काका, अखंड नामसप्ताह बसवला तर? सप्ताह चालू असताना देवाचं दार कोणी बंद करू शकत नाही, आणि ज्याचा सप्ताह त्याचं भवन, हे लहान मूलही सांगेल. दत्तूकाकांचे डोळे चमकले. युक्ती इतकी पसंत पडली, हे पाहून यज्ञेश्वररावांना हुरूप आला आणि त्यांनी तीच दिलीपभाऊंनाही दिली.

शुक्रवारी सकाळी दोन्ही पक्ष झांजा घेऊन भवनाच्या दाराशी हजर झाले. एकमेकांना पाहून दोघांनीही घाईघाईने आपापला ताला काढला, कारण सप्ताह ज्याचा आधी सुरू होईल त्याचा. आत जायला एकच दार होतं आणि पादुकांपुढे वीणा एकच होती. दत्तूकाका थोडे चपळ निघाले. त्यांनी वीणा गळ्यात घातली आणि 'जय निरंजन, जय निरंजन' सुरू केलं. दिलीपभाऊंच्या लोकांनीही तोच नाद उचलून धरला. नाम घेऊ नका असं कोणी कोणाला म्हणू शकत नव्हतं. शेवटी ठरलं की सप्ताह दोघांचा, पहारा आळीपाळीने.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. अखंड सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एक जण ती घेऊन उभा राहतो, त्याचा पहारा संपला की पुढचा येतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या, आणि मग वीणा हाताबदल होते. तिथे वय, मान, नातं काही पाहत नाहीत. ज्याच्या हातात वीणा, त्याला वाकायचं.

दत्तूकाकांचा पहारा संपला. दिलीपभाऊ पुढे आले. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

"वाक," दत्तूकाका म्हणाले.

"तुम्ही पण वाकायचंय, काका. रिवाज दोघांचा आहे."

"तू आधी."

दिलीपभाऊंनी हात जोडले, पण कंबर काही हलली नाही. दत्तूकाकांची मान ताठच होती. नाम चालू होतं, वीणा दत्तूकाकांच्या गळ्यात होती आणि पहाऱ्याची वेळ होऊन गेली होती. संस्थानवाल्या माणसाने फुटीर माणसाच्या पाया पडायचं म्हणजे फूट मान्य केल्यासारखं होतं आणि फुटीराने संस्थानवाल्याच्या पाया पडायचं म्हणजे परत गेल्यासारखं. शेवटी कोणीतरी म्हणालं की यज्ञेश्वरला बोलवा.

उभ्या मंडळात एकटे यज्ञेश्वररावच कोणत्या बाजूचे नव्हते, किंवा खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंचे होते. ते आले. दत्तूकाकांच्या पाया पडले, दत्तूकाका त्यांच्या पाया पडले, वीणा घेतली. मग दिलीपभाऊंकडे वळले, त्यांच्या पाया पडले, दिलीपभाऊ त्यांच्या पाया पडले, वीणा दिली. काम झालं. सगळ्यांना हायसं वाटलं.

पण पहारा दर दोन तासांनी बदलत होता आणि एक पहारेकरी इकडचा, पुढचा तिकडचा. त्यामुळे यज्ञेश्वररावांना दर दोन तासांनी भवनात येऊन दोन बाजूंना वाकावं लागू लागलं. साखरपुड्याची सगळी कामं त्यांनी या मधल्या वेळात केली. सराफाकडे अंगठीचं माप देताना फोन आला, ते अंगठी न घेताच धावले. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना फोन आला, ते अर्ध्या दाढीने धावले आणि त्या पहाऱ्याला त्यांच्या पाया पडणारा माणूस क्षणभर बिचकला. व्याह्यांना द्यायच्या छापाच्या चादरी आणायला ते भैरवगढला गेले होते. तिथे चादर उलगडून रंग पाहत असताना फोन आला, आणि ते खांद्यावर ती चादर तशीच टाकून रिक्षात बसले. दुकानदार मागून ओरडत आला तेव्हा कुठे त्यांना कळलं. रात्री ते भवनातच सतरंजीवर आडवे होत. शनिवारपर्यंत त्यांची कंबर इतकी धरली की ते घरात जयूशीही थोडं वाकूनच बोलत होते.

"तुम्ही मुलीचे बाप आहात का वीणेचे?" जयूने विचारलं.

"हो," यज्ञेश्वरराव म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी दत्तूकाकांनी त्यांना बाजूला घेतलं. वकील म्हणत होता की ताबा सिद्ध करायला फोटोसारखा पुरावा नाही. उद्या साखरपुड्याचा फोटोवाला येणारच आहे, तर अंगठी घालायच्या वेळी वीणा माझ्या हातात असू दे. एवढंच. यज्ञेश्वरराव हो म्हणाले. थोड्या वेळाने दिलीपभाऊंनी त्यांना दुसऱ्या बाजूला घेतलं. त्यांचा वकीलही फोटोच्याच मताचा होता. यज्ञेश्वरराव त्यांनाही हो म्हणाले, आणि मग घरी जाताना वाटेत त्यांना घाम फुटला.

रविवारी इंदूरहून बिडवईंची बस आली. दारावर दोन बॅनरं होती. श्रीरंगराव कौतुकाने म्हणाले की वा, एका मंडळाने नाही, दोन मंडळांनी स्वागत केलं. आत पोह्यांची दोन टेबलं होती, एकावर कांदा, एकावर नाही. श्रीरंगरावांच्या थोरल्या बहिणीने, सुलूआत्यांनी, दोन्हीकडचे पोहे खाल्ले आणि ज्यांना जसं हवं तसं वेगळं करणारी माणसं आजकाल मिळत नाहीत, असं जयूला सांगितलं. जयू कसनुसं हसली. पादुकांपाशी अखंड नाम चाललेलं पाहून तर बिडवई मंडळी भारावलीच. मुलीच्या साखरपुड्यासाठी सप्ताह बसवणारं घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. यज्ञेश्वरराव हो म्हणाले.

मुक्ता हिरव्या शालूत आली, आल्हाद पाटावर बसला. पहारा बदलायची वेळ आणि मुहूर्ताची वेळ नेमकी एकच आली. यज्ञेश्वररावांनी संस्थानच्या पहारेकऱ्याकडून वीणा घेतली, वाकले, वळले आणि पाहतात तो त्यांच्या उजव्या हाताला जरीचं उपरणं घातलेले दत्तूकाका आणि डाव्या हाताला नव्या जाकिटातले दिलीपभाऊ, दोघांचेही हात पुढे.

"शब्द दिला होतास, यज्ञेश्वर," दत्तूकाका दात न उघडता म्हणाले.

"भाऊ, आपलं बोलणं झालं होतं," दिलीपभाऊ हसरा चेहरा ठेवून म्हणाले, कारण फोटोवाला कॅमेरा लावत होता.

एकाला वीणा दिली की दुसरा बोलणार, आणि दुसरा बोलला की कांद्यापासून कपाटाच्या दारापर्यंत सगळं बिडवईंच्या कानांवर जाणार. मुक्ता पाटावरून वडिलांकडे पाहत होती. तिला सगळं कळत होतं आणि ती काही करू शकत नव्हती. यज्ञेश्वररावांनी वीणा छातीशी घट्ट धरली आणि डोळे मिटून नाम घ्यायला लागले. गुरुजींनी मुलीच्या वडिलांना बोलावलं. पुन्हा बोलावलं. मुलीचे वडील वीणा घेऊन उभे, डोळे मिटलेले, आणि गालांवरून घाम वाहतोय.

श्रीरंगरावांना वाटलं की हा इथला रिवाज असणार. व्याह्याने व्याह्याला वीणा द्यायची. ते शिकायला तयार असणारे गृहस्थ होते. पाटावरून उठले, सरळ यज्ञेश्वररावांसमोर आले आणि त्यांच्या पाया पडले.

मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या पायांवर, हे उज्जैनात कोणी पाहिलेलं नव्हतं. मुलीकडच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. यज्ञेश्वररावांनी डोळे उघडले, समोर दोन हात दिसले आणि सवयीने वाकून त्यांनी वीणा देऊन टाकली.

आता ती व्याह्यांच्या गळ्यात होती आणि व्याह्यांच्या गळ्यातून काढून घ्यायची हिंमत दत्तूकाकांत नव्हती आणि दिलीपभाऊंतही नव्हती. दोघांचे पुढे आलेले हात हळूहळू मागे गेले. गुरुजी म्हणाले की आता मुलाचे वडीलही लागतील. सुलूआत्या उठल्या. भावाने बहिणीच्या पायांना हात लावला, बहिणीने भावाच्या, आणि वीणा सुलूआत्यांकडे गेली. इंदूरला त्या भजनी मंडळाच्या म्होरक्या होत्या, हे इथे कोणाला माहीत नव्हतं.

शुक्रवारपासून दोन्ही पक्षांनी नाम घेतलं होतं ते हजेरी लावल्यासारखं. सुलूआत्यांनी मात्र आवाज लावला आणि हॉलचं छत थोडं वर गेल्यासारखं वाटलं. 'जय निरंजन' याला इतकी गोड चाल आहे, हे शाखेला प्रथमच समजलं. "पेटी नाही का तुमच्याकडे?" त्यांनी मध्येच विचारलं. दत्तूकाकांनी डावं दार उघडलं, दिलीपभाऊंनी उजवं, आणि पेटीतबला बाहेर आला. अंगठ्या घातल्या गेल्या, साखरेचे पुडे दिले गेले, टाळ्यांवर टाळ्या पडल्या, आणि कांदावाले बिनकांदावाले सगळे एकाच चालीत डोलत होते. जयू जेवणाच्या पंगतीतही गुणगुणत होती. फोटोवाल्याने शंभरेक फोटो काढले आणि त्या प्रत्येकात वीणा इंदूरच्या बाईच्या हातात होती.

दुपारी बस निघायची वेळ झाली. सुलूआत्या वीणा घेऊन उभ्या होत्या. आता कोणाकडे देऊ, त्यांनी विचारलं. दत्तूकाका पुढे आले आणि दिलीपभाऊही पुढे आले.

"सप्ताह बसवला कोणी?" सुलूआत्या म्हणाल्या. "त्याच्याकडे देते."

"मी," दत्तूकाका म्हणाले. "यज्ञेश्वरनेच सुचवलं मला."

"मी," दिलीपभाऊ म्हणाले, आणि मग थांबले. "तुम्हाला पण? मला पण यज्ञेश्वरभाऊंनीच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग जे इतके दिवस घडलं नव्हतं ते घडलं. ते एकमेकांशी बोलायला लागले. बॅनरचं काय ठरलं होतं? कांद्याचं काय ठरलं होतं? फोटोचं? प्रत्येक उत्तर एकच येत होतं. दोघांचे आवाज चढत गेले, दर दोन तासांनी यज्ञेश्वरराव मध्ये वाकत होते तेही निघालं. जयूने कपाळाला हात लावला. श्रीरंगराव बसच्या पायरीवरून उतरून परत आले आणि शांतपणे सगळं ऐकत राहिले. यज्ञेश्वररावांना वाटलं, संपलं. मुक्ताचा चेहरा पांढरा पडला होता.

श्रीरंगराव यज्ञेश्वररावांच्या कानाशी आले. "तुमच्याकडे मंडळं दोनच?" ते हळूच म्हणाले. "आमच्याकडे तीन आहेत. चहा आरतीच्या आधी द्यायचा का नंतर, यावरून फुटलीत. भांडणं सगळीकडेच असतात हो. तुम्ही ती दारावर येऊ नयेत म्हणून तीन दिवस वाकलात, तेवढं आम्हाला पुष्कळ झालं."

सुलूआत्यांनी तोवर ठरवून टाकलं होतं. ज्याने सप्ताह बसवायला सांगितलं, यजमान तोच. त्यांनी यज्ञेश्वररावांच्या गळ्यात वीणा घातली, पाया पडल्या, पाया पडून घेतलं आणि बसमध्ये जाऊन बसल्या. बस टावर चौकाकडे वळली. हॉलमध्ये खरकट्या पत्रावळी, आवराआवर करणाऱ्या बायका, दोन अध्यक्ष आणि वीणा घेतलेले यज्ञेश्वरराव राहिले.

"आण इकडे," दत्तूकाका म्हणाले.

"माझ्याकडे द्या, भाऊ," दिलीपभाऊ म्हणाले.

यज्ञेश्वररावांनी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. त्यांचे ओठ सवयीने 'हो' म्हणायला उघडलेही. मग त्यांना मुक्ताचा मघाचा पांढरा चेहरा आठवला.

"नाही," ते म्हणाले.

दोघांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. जयू पातेलं घासता घासता थांबली. यज्ञेश्वररावांनाही आपल्याच आवाजाचा अचंबा वाटला असावा, कारण त्यांनी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, चव घेऊन 'नाही' म्हटलं. मग ते पादुकांपुढे उभे राहिले आणि सुलूआत्यांच्या चालीत नाम म्हणायला लागले. आवाज बेसूर होता. पण इतके दिवस सगळ्यांच्या सोयीने उभ्या राहिलेल्या माणसाला आज स्वतःसाठी उभं राहिल्याचा मनापासून आनंद झाला होता.

दत्तूकाका आणि दिलीपभाऊ बाहेर पायरीवर जाऊन बसले. माणूस किती वेळ उभा राहील? कंबर आधीच गेलेली आहे. थकला की हाक मारणारच, आणि त्याला दोघांपैकी एकालाच हाक मारावी लागेल. दोघंही आतल्या आवाजाकडे कान देऊन बसले. आवाज हळूहळू बसत चालला होता. दिलीपभाऊंनी चपला नीट घातल्या. दत्तूकाकांनी उपरणं सारखं केलं.

तेवढ्यात हिरवा शालू खोचलेला, बोटात नवी अंगठी, अशी मुक्ता पादुकांपुढे आली. "बाबा, द्या माझ्याकडे," ती म्हणाली आणि वाकून वडिलांच्या पाया पडली.

आता यज्ञेश्वररावांनी वाकायचं होतं. तीन दिवसांत ते इतक्या वेळा वाकले होते की कोणाच्या पायांवर वाकतोय हे पाहायचंही त्यांनी सोडलं होतं. पण या वेळी ते थांबले. समोर मेंदी लावलेले पाय होते, जे त्यांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या तळहातात मावत होते. काही महिन्यांनी ते इंदूरला जायचे होते. "बाबा, राहू द्या," मुक्ता पुटपुटली. यज्ञेश्वरराव कण्हत, गुडघ्यावर हात टेकत वाकले, मुलीच्या पावलांवर त्यांनी डोकं ठेवलं, आणि त्यांना लगेच वर उठता आलं नाही. ते कंबरेमुळे का आणखी कशामुळे, हे त्यांनी जयूलाही कधी सांगितलं नाही. मुक्ताने त्यांना धरून उठवलं तेव्हा दोघंही रडत होते आणि रडता रडता नाम चालू होतं. जयू हात पुसत आली आणि पुढचा पहारा माझा, म्हणाली. तिच्यामागे दोन्ही पक्षांतल्या चारपाच बायका न बोलवता रांगेत उभ्या राहिल्या.

दाराच्या फटीतून दोघा अध्यक्षांनी हे सगळं पाहिलं. दत्तूकाकांनी उपरण्याने डोळे टिपले. दिलीपभाऊंनी नाक ओढलं.

"हे लोक आता उठत नाहीत," दिलीपभाऊ म्हणाले.

"भवन गेलं हातचं," दत्तूकाका म्हणाले. "माझ्याही गेलं, तुझ्याही."

"केस करावी लागेल, काका."

"पुंतांबेकरांवर?"

"मग काय. आपण दोघं मिळून. वकील एकच ठेवू, उगाच दोन दोन कशाला."

दत्तूकाकांना हे पटलं. दिलीपभाऊंनी स्कूटर काढली, दत्तूकाका हात धरून मागे बसले, आणि पडू नये म्हणून त्यांनी पुढच्या फुटीर माणसाची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली.